काजळीची दिशा

वरचा पत्रा जागचा हलेना, म्हणून मयुराने हात कोपरापर्यंत आत घातला, आणि बोटांना जे लागलं ते सपाट नव्हतं. सपाटच असायला हवं होतं. बुखारीची रचना तिने कागदावर काढून समजून घेतली होती: खाली राखेची जाळी, तिन्ही बाजूंना भट्टीच्या विटा, आणि विस्तवाच्या वर, छताखाली, तिरका टेकवलेला जाड लोखंडी पत्रा. धूर सरळ वर पळू नये, आधी पुढे यावा, पत्र्याला वळसा घालून मगच मागच्या धुराड्यात शिरावा, म्हणजे उष्णता घरात राहते. एवढंच त्या पत्र्याचं काम. पण बोटांखाली आला तो फुगवटा होता, तव्यावर टम्म झालेल्या भाकरीसारखा, आणि त्याचा उंच भाग नेमका मागे, धुराड्याच्या तोंडाला भिडला होता. तिने करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली नाही. वरून काहीतरी मऊ, सुटं तिच्या मनगटावर सांडलं; काजळीच होती, पण क्षणभर तिला वाटलं की कुणीतरी आतून फुंकर मारली. तिने हात बाहेर काढला आणि तो आपला नसल्यासारखा अंगापासून दूर धरून ती फरशीवर बसून राहिली.

"निघाला का?" आबांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"अडकलाय."

"हातोडी मार दोन. लाजतेस कशाला, लोखंडच आहे."

खरं तर ही बुखारी नव्हतीच. काचेच्या दाराची, चार पायांवर उभी असलेली परदेशी बनावटीची शेगडी होती ती. आबा, म्हणजे मयुराचे वडील, निवृत्त सुभेदार काकासाहेब, फौजेनंतर फरीदाबादच्या ज्या कारखान्यात सुरक्षा बघत, तिथला एक परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला होता. पण आबांची उमेदीची वर्षं काश्मीरच्या बर्फात गेली होती आणि लाकडावर चालणाऱ्या, ऊब देणाऱ्या कुठल्याही लोखंडी वस्तूला ते बुखारीच म्हणत. कारखान्यात यंत्रं येत ती लाकडी पेट्यांतून. त्या पेट्यांच्या फळ्या गच्चीवर रचून ठेवायच्या, दिवाळीनंतर हळूहळू संपवायच्या, आणि आईने समोरच्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचं, असे कितीतरी हिवाळे गेले. मागच्या जानेवारीत आई त्याच खुर्चीत गेली. तेव्हापासून बुखारी पेटली नव्हती. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, पुण्याहून कुमुदिनीमावशी येणार होती, तिला थंडी सोसत नाही, म्हणून आबांनीच एक दिवस फोनवर म्हटलं होतं, आतलं सगळं झिजलंय, तू शिकलेली आहेस, बघतेस का जरा. त्यांनी काही मागणं ही गोष्टच इतकी नवी होती की मयुराने नोएडाच्या प्रयोगशाळेतून लगेच सुट्टी काढली. तिथे तिचं काम धातूंच्या तपासणीचं. मोडलेला तुकडा समोर येतो, आणि तो कुठून मोडायला लागला असेल ते त्याच्या अंगावरच्या खुणांवरून सांगायचं. कामात तिला गोडी होती. मोडलेल्या वस्तू खोटं बोलत नाहीत असं ती मैत्रिणींना सांगत असे.

हातोडीने पत्रा सुटला आणि सोलपटं उडवत खाली आला. त्याच्यामागे धुराड्याच्या तोंडात काजळी गच्च बसली होती, जुन्या उशीतल्या कापसासारखी. विटा तर हात लावताच दोन दोन तुकडे होऊन निघाल्या. जाळीचे तीन गज वाकून एकमेकांना चिकटले होते. शेवटी तिने दार बिजागरीवरून उतरवलं आणि त्याच्या खाचेतली दोरी ओढली. काचेच्या तंतूंची ही जाड दोरी. दार लावलं की ती दाबली जाते आणि फट उरत नाही. आता ती वाळलेल्या दोडक्याच्या शिरेसारखी कडक झाली होती आणि बिजागरीच्या बाजूला वीतभर जागेत नव्हतीच. तिथली खाच काळी होती. मयुराने चष्मा वर सरकवला आणि दार खिडकीच्या उजेडात नेलं. फटीतून हवा आत ओढली जात असेल तर खाच साफ राहते, वाऱ्याने झाडलेल्या उंबऱ्यासारखी. इथे काजळीची एक बारीक जीभ आतून निघून, खाच ओलांडून, दाराच्या बाहेरच्या कडेपर्यंत आली होती. टोकाला निमुळती, एकाच दिशेची. बाहेरून बुखारीला आबांनी दहाव्याच्या आधी काळा रंग दिला होता, पण दार मिटल्यावर झाकली जाणारी ही कड रंगाच्या ब्रशला सापडली नव्हती. तिच्या डोक्यातला तो सवयीचा भाग, जो तुकडा हातात येताच आपोआप वाक्य तयार करतो, त्याने वाक्य तयार केलं: वरची वाट बंद होती, म्हणून वायू या फटीतून खोलीत येत होता. वाक्य पूर्ण झाल्यावर ते कुठल्या खोलीबद्दल आहे हे तिच्या लक्षात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. कुमुदिनीमावशीचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ आला, अर्धं कपाळ आणि अर्धा पंखा.

"अगं बाई, हे काय ध्यान! एवढी एमेस्सी केलीस नि शेवटी चूल सारवायला बसलीस का?"

"मावशी, फोन जरा लांब धर. नुसतं कपाळ दिसतंय."

"कपाळच बघ, तेच मोठं आहे माझं. ते काय उघडं पडलंय तुझ्या मागे? बुखारी का? बरं झालं. तुझे आबा नुसते हो हो करतात आणि मग मी तिथे दोन दोन रजया घेऊन कुडकुडते." मग तिचा आवाज खाली आला, तो नेहमी यायचा तसा. "मला सारखी ताई दिसते गं. काय तेज होतं चेहऱ्यावर! गाल कसे गुलाबी. हिरवा चुडा भरला, मळवट भरला, तेव्हा तिच्या जाऊबाई म्हणाल्या, झोपलेली नवरी वाटते. अहेव गेली, तेज घेऊन गेली. सगळ्यांच्या नशिबी नसतं असं."

"हो," मयुरा म्हणाली.

"आबांना सांग हे. मी सांगते तेव्हा त्यांना बरं वाटतं, बघितलंय मी."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसली. बांगड्या तिनेही चढवल्या होत्या. आईचा हात हातात घेऊन, साबण लावून, एकेक बांगडी अंगठ्याच्या गाठीवरून सरकवताना तिला नखं दिसली होती. नखं गुलाबी होती. मेलेल्या माणसाची नखं निळसर, राखाडी पडतात हे तिला माहीत होतं, आणि ही गुलाबी आहेत हेही दिसत होतं, आणि या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या, रेल्वेच्या बाकावर दोन अनोळखी माणसं बसावीत तशा, एकमेकींकडे न बघता. अकरा महिने बसून होत्या. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, प्रयोगशाळेतल्या धोक्यांच्या तासाला, बाईंनी सांगितलं होतं: लाकूड अपुऱ्या हवेत जळलं की जो वायू होतो त्याला रंग नाही, वास नाही, तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि रक्त आणखी लाल करतो, म्हणून त्याने गेलेलं माणूस छान दिसतं. वर्गात कुणीतरी हसलंही होतं. छान दिसतं. तिने तो शब्द वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

तिला हरायचं होतं. पुरावा चुकीचा वाचला गेला असेल, तिने स्वतःला बजावलं, दुसरं स्पष्टीकरण शोध. आईला रक्तदाब होता, साखर होती, डॉक्टरांनी नाडी बघून हृदयविकार लिहिलं होतं आणि कुणालाच त्यात नवल वाटलं नव्हतं. काजळीची जीभ आईनंतरच्या एखाद्या दिवसाची असेल. पण त्यानंतर बुखारी पेटलीच नव्हती. दार उघडून लाकूड घालताना धूर बाहेर आला असेल. पण मग डाग दाराच्या वर, रुंद पसरलेला असता, बिजागरीच्या अंधारात असा रेघेसारखा नसता. आणि त्या खटपटीत, जे आठवायला नको ते सगळं आपण होऊन पुढे येत गेलं. त्या डिसेंबरात आई फोनवर म्हणायची, डोकं जड असतं गं दिवसभर, मळमळतं. आणि मयुरा म्हणायची, आई, इथे नोएडात सगळ्यांचंच दुखतंय, प्रदूषण आहे. आई म्हणायची, बाजारात गेलं की मोकळं वाटतं, घरी आलं की पुन्हा सुरू. मग हसायची: "तुझ्या आबांपासून लांब गेलं की बरं वाटतं, असं दिसतंय एकूण." आबा मागून म्हणायचे, "बिल्कुल! लग्नापासून हेच चाललंय." तिघंही हसायची. तिला ते हसणं आता पुन्हा ऐकू आलं, आणि त्या हसण्याच्या मागे, खोलीत, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची बारीक घरघर.

ते यंत्र तिनेच आणलं होतं, आईच्या खोकल्यासाठी. त्याच्या अंगावर हवेचा आकडा हिरव्या दिव्यात दिसे. आबांना तो आकडा फार आवडे, पहाऱ्यावरचा शिपाई वर्दी देतो तशा आवाजात ते सांगत: "बाहेर चारशे, आत बावीस." बाहेरचे चारशे आत येऊ नयेत म्हणून त्यांनी खिडक्यांच्या फटींवर खाकी पार्सलपट्टी चिकटवली होती, दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून ठेवली होती. यंत्र धूळ मोजतं. तो वायू धूळ नसतो. आई गेली त्या सकाळी यंत्राच्या दृष्टीने खोलीतली हवा स्वच्छ होती. लाकूड सावकाश जळावं म्हणून आबांनी बुखारीची हवेची झडप ओढून ठेवली असणार. काश्मीरात वर चौकीवर लाकूड खेचरांच्या पाठीवरून यायचं, निखारा जपणं हे कर्तव्य असायचं, आणि इथे गच्चीवर फळ्यांचा ढीग असूनही ज्वाळा खाली बसली की त्यांचा हात आपोआप झडपेकडे जाई. मग त्यांना डोकं जड वाटलं असेल, आणि ते फौजी कॅन्टीनमधून सामान आणायला बाहेर पडले असतील, आणि बाहेरच्या त्या चारशेच्या हवेत त्यांना मोकळं वाटलं असेल.

विटा, जाळी आणि पत्रा तिने आधीच बनवून आणले होते. कारखान्यांच्या गल्लीतला वेल्डिंगवाला, "मॅडम, इतना मोटा पत्रा? तंदूर लगा रहे हो क्या?" असं विचारून हसला होता. सगळं मापात होतं. दुपारभर ती बसवत राहिली. धुराड्यातली काजळी बादली भरून काढली. विटा रचल्या, पत्रा दोन खुंट्यांवर टेकवला, त्याच्या मागे तळहात सहज जातो हे पुन्हा पुन्हा पाहिलं, खाचेत नवी पांढरी दोरी चिकटवली. हात काम करत होते आणि डोकं एकाच जागी घिरट्या घालत होतं. बुखारी आता ठीक होती. पण पट्ट्या होत्या, सतरंजी होती, झडपेकडे जाणारा तो हात होता. सांगितलं नाही, तर ती नोएडाला परतल्यावर आबा एकटे इथे बसणार, सगळं बंद करून, हिरव्या आकड्यावर भरवसा ठेवून. आणि सांगितलं, तर त्यांच्याजवळ उरलेली एकच गोष्ट, तो तेजस्वी चेहरा, तीही ती काढून घेणार, आणि त्या जागी त्यांचेच दोन हात ठेवणार. तिला वाटलं, कारण न सांगता नियम सांगता येईल. प्रयोगशाळेत तसेच असतात नियम, भिंतीवर टांगलेले.

ऊन पिवळट, गढूळ होऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा आबांनी स्वतः काडी लावली. ज्वाळा काचेमागे लगेच उभी राहिली, सरळ, आवाज न करता. "वा," आबा म्हणाले. "पहिल्या दिवशी होती तशी झाली." मग ते उठले आणि पार्सलपट्टीचं भेंडोळं घेऊन खिडकीशी गेले.

"आबा, ते नको. खिडकी थोडी उघडी ठेवायची आता."

"चारशे दहा आहे बाहेर."

"थोडीशीच. चार बोटं."

"त्या थोडीशीनेच तुझ्या आईचा खोकला वाढला होता." दातांनी पट्टी तोडत ते म्हणाले. "तुला माहीत नाही, तू नोएडात होतीस. रात्र रात्र खोकायची. या पट्ट्या लावल्या तेव्हा कुठे थांबली."

"आबा, पट्टी लावू नका."

"अगं, पण का?"

पट्टी त्यांच्या बोटांवर लोंबत होती. मयुराला वाटलं, आत्ता काहीतरी दुसरं म्हणता येईल. रंग खराब होतो. घरमालक रागावेल, पण घरमालक तेच होते. तिने काचेतल्या ज्वाळेकडे पाहिलं आणि पत्र्याबद्दल सांगायला लागली, मग धुराड्याच्या तोंडाबद्दल, दोरीबद्दल, काजळीची रेघ कुठून कुठे गेली होती त्याबद्दल. आवाज अहवाल वाचल्यासारखा येत होता. तो थांबवता येत नव्हता. वायूचं नाव तिने घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

आबा खिडकीशीच उभे होते. पाठमोरे.

"बंकरमध्ये वरची फट आम्ही कधी बुजवली नाही," ते म्हणाले. "मीच बघायचो. नवीन पोरं थंडीने कपडे कोंबायची फटीत, मी उपटून काढायचो. शिव्या द्यायचो." मग मान यंत्राकडे वळवून: "पण इथे काच होती. धूर दिसतच नव्हता. आणि ते हिरवं होतं."

"नक्की असंच झालं, असं सांगता येत नाही. रक्त तपासलं नव्हतं."

"तू नक्की नसताना बोलत नाहीस."

आबांनी बोटांवरची पट्टी सोडवली, तिचं छोटं भेंडोळं केलं, खिशात ठेवलं. खिडकी ढकलली. बाहेरचा जळका, आंबूस वास आत आला, यंत्राचा आकडा चढू लागला, हिरव्याचा पिवळा झाला आणि घरघर मोठी झाली. ते येऊन बसले. स्वतःच्या लाकडी खुर्चीत नाही, वेताच्या. त्या खुर्चीत कुणाला बसलेलं तिने वर्षभर पाहिलं नव्हतं.

"तिला कळलं असेल?"

हा प्रश्न तिने स्वतःला दुपारीच विचारला होता, आणि त्याचं उत्तर तिच्याजवळ होतं. सगळ्या भयंकर गोष्टींत तेवढं एकच उत्तर देण्यासारखं होतं, म्हणून तिने ते घाईने, जवळजवळ आनंदाने दिलं. "नाही आबा. ती झोपली असणार फक्त. काहीच कळत नाही. त्रास नाही होत."

"नाही होत?"

"नाही."

आबांनी मान हलवली. त्यांचे खांदे खाली आले. काचेतला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि त्या चेहऱ्यावर जे हळूहळू पसरत होतं ते दुःख असेल असं तिला आधी वाटलं. मग दिसलं की ते दुःख नव्हतं. ती सुटका होती, लांबच्या प्रवासात आपलं स्टेशन पुढचंच आहे हे कळल्यावर माणूस सैल होतो, तशी. तिने त्यांना धोका सांगितला होता. त्यांनी निघून जायची वाट ऐकली होती.

"ऊब काय चांगली देते आता," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ, व्यवस्थित होता. सामान बांधून झाल्यावर असतो तसा. "वर्षश्राद्ध उरकलं की तू जा नोएडाला. कुमुदिनीला स्टेशनवर मी सोडेन. उगाच सुट्ट्या नको घालवू. इकडचं मी बघतो सगळं."

"मी नाही जाणार."

"अगं, नोकरी आहे तुझी."

"इथून जाईन रोज. मेट्रो आहे."

"वेडी आहेस का? येण्याजाण्यातच दिवस संपेल." ते हसले. हसणं चांगलं होतं, प्रेमळ होतं, आणि त्यात तिला आत यायला कुठे जागा नव्हती. "आणि मी काय लहान आहे का? मला राखायला बसणार तू?"

तिला म्हणायचं होतं, आबा, तुमच्या मनात काय आलंय ते मला दिसलंय. पण ते मोठ्याने म्हटलं तर ते खरं होईल, खोलीत उभं राहील, आणि मग दोघांना त्याच्यासोबत जेवावं लागेल. ती उठली. हत्यारांच्या पेटीतून तिने मोठा पाना काढला, बुखारीच्या मागे गेली आणि धुराड्याच्या पहिल्या जोडाचा नट पान्यात धरला. काचेमागे लाकूड अजून पुरतं पेटलेलं होतं. नळी तापून तिच्याभोवतीची हवा थरथरत होती आणि भिंत त्या हवेतून वाकडी दिसत होती.

"काय करतेस?"

"काढतेय ही. सगळीच. भंगारात देणार."

"अगं, दिवसभर बसवलीस ना आत्ता! आणि कुमुदिनी?"

"मावशीला विजेचा हीटर आणू."

नट हलत नव्हता. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, कोपर नळीला टेकलं आणि स्वेटरची लोकर करपल्याचा वास आला. तिने कोपर काढलं नाही.

"मयुरा, तापलंय ते," आबा खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले. "बाजूला हो. विझू तरी दे. भाजशील, पोरी."

"भाजू दे," ती म्हणाली, आणि पाना पुन्हा ओढला.

ते उठून आले. एका हाताने त्यांनी तिला खांद्याला धरून मागे ओढलं, तिच्या हातातून पाना घेतला, आणि तो घेऊन बुखारीकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत उभे राहिले.